न्यायाधीशांचे काम तपासणारा न्यायाधीश : महादेव गोविंद रानडे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली आपली माणसे तारखेला कोर्टात जातात, तेव्हा अनेकदा मी त्यांच्यासोबत असते. ॲट्रॉसिटीचा खटला असो, गायरानाचा वाद असो की पोटगीचा अर्ज, व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो. साहेब कोणत्या समाजाचे? आडनाव कळले की निकालही कळला, असे समजून कुणी खचते, तर कुणी निर्धास्त होते.

या प्रश्नाला मी हसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून तो आलेला आहे. पण न्यायाधीशाला आडनावावरून जोखायचे की कामावरून, हा आपल्या भागातला जुना प्रश्न आहे. दीडशे वर्षांपूर्वी याच तालुक्यांतल्या कोर्टांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. त्यानंतर न्यायाधीशांचेच काम तपासण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आली, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. शाळेच्या पुस्तकातले समाजसुधारक रानडे आपल्याला माहीत आहेत. इथे त्यांच्याकडे न्यायाधीश म्हणून पाहू आणि त्यांनी इतरांना लावलेली कसोटी त्यांनाही लावू.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीतून ते १८६२ मध्ये बी.ए. झाले, १८६६ मध्ये कायद्याची पदवी घेतली. अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांत काम, काही काळ एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन आणि १८७१ मध्ये पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज, असा त्यांचा प्रवास. आदल्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. नोकरी सांभाळून रानडे तिच्या कामात उतरले आणि शेतकऱ्यांच्या परिस्थितीची माहिती गोळा करण्याच्या खटाटोपात त्यांचा मोठा वाटा राहिला.

ती परिस्थिती काय होती, हे इंदापूरवरून कळते. मुंबई इलाख्यातील जमिनीची नवी मोजणी आणि तीस वर्षांचा ठराविक सारा यांची सुरुवात १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातूनच झाली. ती मुदत संपल्यावर फेरआकारणीही आधी इथेच झाली आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि कापसाचा चढा भाव कोसळला. सारा रोख भरायचा, पीक पावसाच्या भरवशावर, त्यामुळे शेतकरी सावकाराच्या दारात गेला.

दारात गेलेला माणूस कोर्टात कसा अडकला, हे समजून घेण्यासारखे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा दावा साधारण तीन वर्षांत लावणे भाग होते. हा कायदा कुळाच्या सोयीसाठी, पण झाले उलटे. सावकार दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेऊ लागला. त्यावर अंगठा उमटवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता. पुढे दावा लागला की समन्स कधी पोहोचे, कधी पोहोचत नसे. पोहोचले तरी कोर्ट लांब, वकिलाला पैसे नाहीत. कूळ गैरहजर राहिले की एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, लिलाव किंवा दिवाणी तुरुंग. न्यायाधीशाने लाच घेतलेली नसे, कायदाही मोडलेला नसे. खतावर अंगठा आहे ना, एवढे पाहून तो निकाल देई. त्या अंगठ्यामागचा हिशेब मात्र कुणी विचारत नसे.

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. आज बारामती तालुक्यात असलेले हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत होते. त्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली, खते आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तिसाहून अधिक गावांत हे लोण पसरले. माणसांना मारण्यापेक्षा कागद हाती घेण्यावर लोकांचा भर होता, कारण कोर्ट त्या कागदालाच सत्य मानत होते. न्यायदानाबद्दल जनतेने दिलेला हा अभिप्रायच होता. हिंसेचे समर्थन मी करत नाही. पण ऐकून घेणारी जागाच नसेल तर अभिप्राय कोणत्या रूपात बाहेर पडतो, हे सुप्याने दाखवले.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्याने न्यायाधीशाच्या वागण्यालाच वळण लावले. खत पाहून निकाल देणे बंद झाले आणि व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा हिशेब उकलणे बंधनकारक ठरले. प्रतिवादी कुळाला समोर बोलावून त्याची जबानी घ्यायची होती. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले, हप्ते बांधून देता येऊ लागले आणि स्पष्टपणे तारण न दिलेली जमीन लिलावापासून वाचली. गावपातळीवर मुन्सफ आणि तडजोड घडवणारे पंच नेमले गेले. लहान दाव्यांत अपिलाचा खर्च गरिबाला झेपत नाही, म्हणून त्यांत अपील काढून टाकले गेले. त्या जागी वरिष्ठ न्यायाधीशाने स्वतः खालच्या कोर्टांत जाऊन कागद तपासावेत आणि चूक दिसली तर दुरुस्त करावी, अशी व्यवस्था झाली.

या कामावर रानडे नेमले गेले. त्याआधी सरकारने त्यांना वेगळीच वागणूक दिली होती. सार्वजनिक कामामुळे ते संशयाच्या यादीत होते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात, १८७९ मध्ये, त्यांना धुळ्याला पाठवण्यात आले. तिथे त्यांच्या टपालावर सरकारची नजर होती. न्यायाधीशाला वठणीवर आणायचे तर त्याची बदली करायची, ही रीत तेव्हापासूनची.

१८८१ नंतर मात्र त्यांच्याकडे पुणे आणि सातारा जिल्ह्यांत नव्या कायद्याखालील कामाची तपासणी आली आणि १८८७ मध्ये ते या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले. चारही जिल्हे त्यांच्या कक्षेत आले. वर्षातले कित्येक महिने ते फिरतीवर असत. पत्नी रमाबाई यांच्या आठवणींमध्ये या फिरतीची वर्णने आहेत. तालुक्याच्या ठिकाणी मुक्काम करायचा, सबजज्जांच्या, गावच्या मुन्सफांच्या आणि पंचांच्या निकालांचे कागद मागवायचे, ते वाचायचे. कुळाला खरोखर बोलावले होते का, हिशेब मुळापासून काढला का, हप्ता त्याला झेपेल असा आहे का, ही या कायद्याची कसोटी होती. न्यायाधीशाचे मोजमाप त्याच्या हुद्द्यावरून किंवा बोलण्यावरून न करता त्याने लिहिलेल्या कागदावरून करायचे, ही रीत या कामातून आपल्या भागात रुजली.

तिच्या मर्यादाही होत्या. सावकारांनी कर्जाऐवजी थेट जमिनीची खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली आणि कायद्याला बगल दिली. आणखी एक मर्यादा महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवली होती. शेतकऱ्याचा आसूड लिहिताना कचेऱ्या-कोर्टांत एकाच जातीचे कामगार भरलेले आहेत आणि अडाणी कुणबी त्यांच्या हातात सापडतो, यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेला येण्यासही त्यांनी १८८५ मध्ये पत्राने नकार दिला. कागद तपासणारा, कागद लिहिणारा आणि वकीलपत्र घेणारा एकाच वर्गातला असेल, तर तपासणी कितीही प्रामाणिक असली तरी तिच्या नजरेतून काय सुटते, हा फुल्यांचा प्रश्न होता. समाजशास्त्रात याला आज आपण प्रतिनिधित्वाचा प्रश्न म्हणतो. व्हरांड्यातल्या बाकावरचा प्रश्नही मुळात हाच आहे.

दुसऱ्यांचे काम तपासणाऱ्याचे स्वतःचे वर्तनही लोक तपासत होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. स्वतः ते तेव्हा एकतिशीचे होते. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० मध्ये घेतलेल्या चहावरून वाद पेटला. तेव्हा ते विशेष न्यायाधीश होते. तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. कोर्टात निर्भय असलेला हा माणूस जातीच्या पंचायतीपुढे नमला, हे नोंदवायलाच हवे. दुसऱ्या बाजूला, त्याच अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी घरातला विरोध सोसून शिकवले आणि पुढे रमाबाई रानडे सेवासदनच्या कामातून महाराष्ट्राला माहीत झाल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते त्याच पदावर होते.

त्या वेळी नऊ वर्षांचा असलेला भीमराव पुढे रानड्यांचे सर्वांत कसोशीचे मूल्यमापन करणार होता. १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, पुण्याच्या गोखले सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्याख्यान दिले. व्यक्तिपूजेचा धोका त्यांनी तिथेच सांगितला आणि तरीही रानड्यांना मोठेपण दिले, कारण राजकीय हक्कांआधी समाज सुधारला पाहिजे हा आग्रह त्यांनी धरला होता. याच व्याख्यानात बाबासाहेबांनी वडिलांच्या जुन्या कागदपत्रांत सापडलेल्या एका अर्जाची हकिकत सांगितली. १८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद झाली, तिच्याविरुद्धचा तो अर्ज होता आणि त्याचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता. ज्यांच्या जातीने आपल्या माणसांना पाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्यातल्या एकाचे हे काम बाबासाहेबांनी लपवले नाही. आडनाव पाहून त्यांनी त्याला माफही केले नाही किंवा बादही केले नाही.

कोर्टाशी वागतानाही त्यांची हीच रीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सबजज्जाने चवदार तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली. हजारो माणसे जमलेली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, पण मान्य केला नाही. खालच्या कोर्टापासून लढत ते वर गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. रानडे जिथे बसले होते, तेच हे न्यायालय. पुढे २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीची चर्चा निघाली. सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूकच नको, ही सूचना त्यांनी मानली नाही. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी माणूसच असतात आणि माणसाचे दोष व पूर्वग्रह त्यांनाही असतात, ही त्यामागची भूमिका. न्यायसंस्थेचा आदर ठेवूनही न्यायाधीशाला देव मानायचे नाही, हे आपण त्यांच्याकडून शिकायचे आहे.

आज रानड्यांसारखा विशेष न्यायाधीश तालुक्यात मुक्कामाला येत नाही. खालच्या कोर्टांवर देखरेख ठेवण्याचे काम राज्यघटनेच्या कलम २३५ ने उच्च न्यायालयाकडे दिले आहे. पण नागरिकाच्या हातातही काही गोष्टी आहेत आणि त्या आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतात. निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा न्यायालयाचा अवमान नाही, असे १९७१ च्या अवमान कायद्याचे कलम ५ सांगते. खालच्या कोर्टातील न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे प्रामाणिक हेतूने केलेली तक्रारही अवमान ठरत नाही, असे त्याचे कलम ६ सांगते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ नुसार पीडिताला कामकाजाची सूचना मिळण्याचा आणि जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क आहे.

त्यामुळे बाकावर तो प्रश्न आला की मी उत्तर टाळत नाही. आपल्या समाजातून अधिक न्यायाधीश, वकील आणि कारकून व्हायला हवेत, हे आधी सांगते. मग वहीत चार ओळी लिहायला लावते. आज आपले ऐकून घेतले का? रोजनाम्यात काय लिहिले? तारीख कुणी आणि कोणत्या कारणाने मागितली? निकालात आपल्या मुद्द्याला उत्तर दिले का? निकालाची नक्कल घ्यायची, कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि मगच मत बनवायचे.

सुप्याच्या बाजारात कागद जाळणाऱ्यांना तो वाचता येत नव्हता. आपल्या पोरांना येतो. गेल्या महिन्यात एका मावशींच्या दहावीतल्या नातवाने बाकावर बसून निकालाची सतरा पाने आजीला वाचून दाखवली. निकाल विरोधात होता. साक्षीदाराच्या जबानीतली एक विसंगती निकालात विचारातच घेतलेली नाही, हे त्या पोराच्या लक्षात आले. आता अपील दाखल आहे. साहेबांचे आडनाव काय, हे त्या दिवशी मावशींनी विचारले नाही.