हूकचा नियम आणि आमची पद्मिनी

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा धेडगुजरी आहे, सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच सांगायचा होता, कारण तो सुरू झाला आमच्या राजोडीच्या अंगणात.

आमच्याकडे पप्पांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मे महिन्यात घरी गेलो तर दादाच्या डोक्यात एकच भूत : गाडी दोन इंच खाली बसवायची. तशा ‘लो’ केलेल्या गाड्यांचे ढीगभर फोटो त्याच्या मोबाइलमध्ये. एका गॅरेजवाल्याने सोपा उपाय सांगितला. पुढच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने कापायचे, अर्ध्या दिवसाचं काम. दादा लगेच तयार. मी म्हटलं, एक दिवस थांब. ज्या नियमावर आपण परीक्षेत मार्क मिळवतो, तो घरच्या गाडीला लागतो का ते तरी बघू. त्या रात्री रॉबर्ट हूकबद्दल वाचायला बसलो आणि त्या माणसातच अडकलो.

हूकचा जन्म 1635 सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगा इतका आजारी की त्याला शाळेत घालण्याऐवजी घरीच शिकवलं. घरात बसून तो काय करायचा? उघडलेलं पितळी घड्याळ बघून त्याने लाकडाचं घड्याळ बनवलं, आणि ते चाललं! तेरा वर्षांचा असताना वडील गेले. थोडेसे पैसे घेऊन तो लंडनला आला. आधी एका मोठ्या चित्रकाराकडे उमेदवारी केली, पण रंगांच्या वासाने डोकं दुखायचं. मग वेस्टमिन्स्टर शाळा आणि तिथून ऑक्सफर्ड. याच वयात त्याची पाठ वाकत गेली, ती कायमची.

ऑक्सफर्डला तो रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला. बॉइलचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय, पण ज्या हवेच्या पंपावर बॉइलचे प्रयोग झाले, तो चालता करणारा हात हूकचा होता. 1662 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं. दर बैठकीला नवीन काहीतरी करून दाखवायचं! आपल्याला आठवड्याला एक प्रॅक्टिकल जड जातं.

1665 मध्ये त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली पिसू, माशीचे डोळे, बुचाच्या लाकडातले कप्पे. त्या कप्प्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं, तो शब्द आजही बायोलॉजीत आहे. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो काही मंडळींबरोबर लंडनबाहेर एका कर्नलच्या घरी गेला. कशासाठी? घोडागाडीचे धक्के कमी कसे करायचे याच्या चाचण्या बघायला. एका गाडीचा सगळा सांगाडा एका लांब स्प्रिंगवर ठेवला होता, ती चांगलीच मऊ चालली अशी नोंद आहे. इकडे तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती आणि त्याच वर्षी पुरंदरचा तह झाला. म्हणजे सस्पेन्शनचा विचार इतका जुना आहे.

पुढच्या वर्षी, 1666 मध्ये, लंडन जळालं. शहर पुन्हा उभारताना हूक सर्व्हेअर झाला. जळलेल्या जागा मोजणं, हद्दी ठरवणं, भांडणं मिटवणं ही कामं त्याने वर्षानुवर्षं केली. आगीची आठवण म्हणून उभारलेला 202 फुटांचा स्तंभ त्याने ख्रिस्तोफर रेनबरोबर बांधला.

या सगळ्या धावपळीत त्याचा स्प्रिंगचा अभ्यास चालूच होता. पण एक भीती होती, आपली कल्पना दुसरा उचलेल. घड्याळातल्या स्प्रिंगवरून 1675 मध्ये हॉलंडच्या हायगेन्सशी त्याचा वाद पेटला. म्हणून 1676 मध्ये त्याने आपला नियम छापला तो कोड्यात. लॅटिन वाक्याची अक्षरं सुटी करून वर्णानुक्रमे लावली, ज्याला कळेल त्याला कळेल. दोन वर्षांनी, 1678 मध्ये, त्याने उत्तर उघड केलं : जितका ताण, तितकं बळ. लांबच लांब तारा टांगून, वेटोळ्याच्या स्प्रिंगा घेऊन, वजनं वाढवत वाढवत त्याने ते मोजलं होतं.

नंतर गुरुत्वाकर्षणावरून न्यूटनशी बिनसलं. अंतराच्या वर्गाची कल्पना आपण आधी पत्रात कळवली होती, असं हूकचं म्हणणं. न्यूटनने गणिताने ती सिद्ध केली, पण हूकला हवं तेवढं श्रेय दिलं नाही. 1703 मध्ये हूक वारला, आजारी आणि एकटा. मागे हजारो पौंड पेटीत सापडले. पण खात्रीने त्याचं म्हणता येईल असं एकही चित्र आज उरलेलं नाही. नियम सगळ्या जगाला माहीत, चेहरा कोणालाच नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं.

सकाळी मी गाडीखाली वाकलो. पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि प्रोपेलर शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपण थिअरी ऑफ मशीन्समध्ये ‘हूक्स जॉइंट’ म्हणतो. म्हणजे एका पद्मिनीखाली हूक दोनदा!

मग दादाला हिशोब सांगितला. समजा, स्प्रिंगचे आठ वेढे काम करतात. दोन कापले की सहा उरतात. तार तीच आणि वेढ्याची गोलाई तीच, म्हणून कडकपणा आठ भागिले सहा, म्हणजे सुमारे 33 टक्क्यांनी वाढतो. शिवाय कापलेलं टोक बैठकीत सपाट बसत नाही, आणि जॅकवर गाडी उचलून चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. तापवून दाबायचं म्हटलं तर पोलादाचं टेंपरच जातं. लो करायचीच असेल तर मोजून बनवलेली, थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग हवी. शॉक अॅब्सॉर्बर तिला जुळणारे हवेत, आणि नंतर व्हील अलाइनमेंट करायलाच हवी. मागे तर पाटे आहेत, त्यांचं गणित वेगळंच.

दादा म्हणाला, वहीतलं राहू दे, गाडीवर दाखव. मग हूकसारखंच केलं. चुलत भावंडांना काट्यावर उभं करून वजनं लिहिली, एकेकाला गाडीत बसवलं आणि दर वेळी पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजली. आलेखावर ठिपके जवळपास सरळ रेषेत आले! पाच जण बसल्यावर पुढच्या चाकाला वर यायला रबरापर्यंत जेमतेम दोन बोटं जागा उरली. दादाला खाली हवे होते दोन इंच. रविवारी आजीसकट आम्ही पाच जणच चर्चला जातो, आणि पावसाळ्यात आमच्याकडचे रस्ते कसे असतात ते सांगायला नको. आजीने तिथल्या तिथे सांगितलं, असं काही केलंत तर मी रिक्षाने जाईन.

ग्राइंडर परत गेला. दादाने हौस सोडलेली नाही, पण आता स्प्रिंगची किंमत विचारण्याआधी तो तारेची जाडी विचारतो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी लॅबमध्ये शेजाऱ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायला घ्याल, तेव्हा त्या वाकलेल्या पाठीच्या माणसाला एकदा आठवा. त्याला स्वतः मोजल्याशिवाय चैन पडत नव्हतं. आमच्या गाडीची स्प्रिंग त्यामुळेच वाचली.