रेव्हरंड टिळकांना गवसलेला आनंद

टिळक हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लोकमान्यांची मूर्ती उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीत आणि त्याच चित्पावन ज्ञातीत दुसरेही एक टिळक जन्मास आले. लोकमान्यांनी १९२० साली देह ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, हे दुसरे टिळक मुंबईत निवर्तले. फुलामुलांचे कवी म्हणून शाळकरी मुलांना परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ते हेच. त्यांची कविता आपण पाठ केली. त्या कवितेच्या मुळाशी असलेला आनंद त्यांना कोठे सापडला आणि त्याचे मोल कोणी दिले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारला नाही. तो विचारण्याजोगा आहे.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या, वडील तापट. आईच्या मायेने मन कोवळे झाले आणि वडिलांच्या धाकाने ते घरात रमेनासे झाले. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि हा मुलगा नाशिकची वाट चालू लागला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी त्यांना संस्कृतचे धडे मिळाले. इंग्रजीचे शिक्षण मात्र अर्धेच राहिले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरात आली. घर म्हणावे असे तेव्हा होतेच कोठे? कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यातील नोकर, अशी वणवण चालू होती. मनात आले की उठून चालू लागावे, असा त्यांचा स्वभाव. १८९१ च्या सुमारास नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले आणि काही काळ स्थैर्य आले.

ही वणवण केवळ पोटासाठी होती असे समजणे चूक ठरेल. वाणी रसाळ, प्रतिभा शीघ्र, अंतःकरण देशप्रेमाने भरलेले. पण ज्या समाजासाठी जीव तुटतो तो जातिभेदाने पोखरलेला आहे, हे शल्य त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. मूर्तिपूजेवरील श्रद्धा डळमळली होती आणि तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नव्हते. या देशाला मानवेल असा नवा धर्म आपणच स्थापावा, असेही त्यांच्या मनाने घेतले होते. ज्याला स्वतःला विसावा नाही असा हा तरुण जगाला विसावा देण्याची स्वप्ने पाहत होता.

अशा मनःस्थितीत १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. गाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाची गाठ पडली. कविता आणि धर्म या विषयांवर बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी ग्रंथ उघडला. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर तो खाली ठेववेना. दीनांना धन्य म्हणणारा, वैऱ्यावरही प्रीती करावयास सांगणारा, देवाला पिता म्हणून हाक मारणारा गुरू त्यांना भेटला. इतकी वर्षे ज्या प्रश्नांनी मन जाळले, त्यांना वादात न सापडलेले उत्तर त्यांना एका व्यक्तीच्या ठायी सापडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताची दोन वर्षे तेव्हा भरत आली होती.

येथून पुढची कथा केवळ टिळकांची राहत नाही. धर्मांतराची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, पदरी दत्तू हा लहानगा होता. पती जिवंत असून नसल्यासारखा झाला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या स्त्रीवर काय प्रसंग गुदरला असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. जवळजवळ पाच वर्षे हा संसार दुभंगलेला राहिला. टिळकांना लाभलेल्या आनंदाचे पहिले मोल त्यांच्या पत्नीने अश्रूंनी चुकते केले, हे सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. ज्याला सत्य गवसले त्याने घरच्यांची वाट थोडी अधिक पाहावयास हवी होती काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो आणि तो अवाजवी नाही.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या. पण आल्या त्या आपला धर्म आणि आपली चूल सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. बाईंचे मन हळूहळू आपल्या वाटेने चालले. जाती देवाने केल्या नसून माणसाने केल्या आहेत, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे अनाथ मुलांना आणि रोग्यांना त्यांनी आपले मानले. त्या सगळ्या दिवसांची कहाणी ‘स्मृतिचित्रे’त आहे. स्वतःच्या दुःखावरही खळखळून हसणारे ते पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रीने सर्वाधिक सोसले तिच्याच लेखणीत सर्वाधिक हास्य आहे. टिळकांचा आनंद अस्सल होता, याला याहून भक्कम साक्ष कोणती हवी?

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी अध्यापन केले, उपदेश केला; १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. त्यांचे खरे कार्य मात्र गीतांचे. परक्या चालींवर बेतलेली भाषांतरित पदे गाणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळींना त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणून पंढरीच्या वाटेवरचा सूर त्यांनी टाकला नाही, मायबोली टाकली नाही आणि देशही टाकला नाही. ख्रिस्ती झालेला माणूस देशाला परका होतो, हा समज त्या काळी घट्ट होता आणि आजही तो समूळ गेलेला नाही. स्वदेशाच्या प्रेमाने ओथंबलेली टिळकांची कविता हे त्याला उत्तर आहे. बालकवी ठोमरे यांना त्यांनी नगरच्या घरात मुलासारखे ठेवून घेतले. त्या मुलाचा धर्म काय, हा प्रश्न मायेच्या आड आला नाही.

आम्हां गोमंतकीयांना तर या कवीचे अगत्य अधिक वाटावयास हवे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली येथील राशोल येथे छापले गेले आणि १६१९ साली ते निवर्तले. त्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी टिळक गेले. तेही ख्रिस्तचरित्र ओवीत गुंफण्याच्या कामात होते. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते पुरे करण्याचा भार, कधीकाळी केवळ अक्षरओळखीवर संसाराला लागलेल्या लक्ष्मीबाईंनी उचलला आणि पतीने लिहिले त्याहून कितीतरी अधिक अध्याय लिहून तो पेलला. एक ओवी राशोलपासून नगरपर्यंत पोहोचते आणि दोन धर्मांच्या माणसांना एकाच तालावर डोलावयास लावते, हे भाषेचे केवढे सामर्थ्य!

आयुष्याच्या शेवटीही त्यांना थांबणे ठाऊक नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून प्रवेश होता. पगाराचा आधार गेला होता, प्रकृती खालावत होती, आणि हातात उरलेली वर्षे दोनच होती. तरीही या काळातील टिळक उदास नव्हते. तरुणपणी त्यांना गावोगाव हिंडविणारी अस्वस्थता शमली होती. हिंडणे मात्र चालूच होते. आता ते जे सापडले ते वाटण्यासाठी होते.

सुख परिस्थितीवर अवलंबून असते. ती पालटली की ते जाते. टिळकांच्या पदरी सुख थोडेच आले: आप्त दुरावले, पैसा कधी टिकला नाही आणि मोठे काम अर्धवट टाकून जावे लागले. या सर्वांतून जे उरले त्याला आनंद म्हणावे. तो त्यांना ख्रिस्ताच्या ठायी लाभला. कोणाला तो विठ्ठलाच्या ठायी लाभेल, कोणाला अन्यत्र. परंतु लाभलेला आनंद खरा की खोटा हे पाहण्याची कसोटी सर्वत्र एकच आहे: तो आपल्या माणसांपर्यंत पोहोचला काय, आणि आपण गेल्यावर मागे उरला काय? टिळकांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे लक्ष्मीबाईंनी देऊन ठेवली आहेत. आपली उत्तरे ज्याची त्याने द्यावयाची आहेत.