उथळ पाण्याचा सरखेल

कान्होजी आंग्रे यांच्या शौर्याचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. त्यांच्या जलविद्येचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः त्यांच्या पराक्रमाचे मूळ या विद्येतच आहे. १६९८ च्या सुमारास सरखेलपदी आलेल्या या पुरुषाजवळ युरोपियनांच्या तोडीची उंच, अवजड जहाजे नव्हती. होत्या त्या गुराबा आणि गलबते. त्यांचा तळ पाण्यात फार खोल जात नसे. त्यामुळे खाडीच्या मुखावरील वाळूचे दांडे ओलांडून ती सहज आत शिरत. वारा पडला की शत्रूचे जहाज जागीच खिळे; गलबतांची वल्ही मात्र चालू राहत आणि प्रसंगी तीच गुराबांना ओढून नेत. मतलई वारा केव्हा सुटतो, उधाणाला कोठे किती पाणी चढते आणि ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो, हे ज्ञान त्यांच्या तांडेलांना पिढीजात होते. कान्होजींनी त्याला युद्धशास्त्राची जोड दिली.

या किनाऱ्यावर जहाज न्यायचे तर आपले दस्तक घेतले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी तो नाकारला आणि त्यांना चाचा ठरविले. परंतु ज्याचा किनारा त्याने जकात घ्यावी, यात चाचेगिरी ती कोणती? १७१८ मध्ये खांदेरीवर चालून आलेले इंग्रज हात हलवीत परतले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले. ब्रिटिश राजसत्तेच्या आरमारातील जहाजेही त्यांच्या साहाय्यास होती. पेशवे बाजीराव फौजेनिशी कान्होजींच्या मदतीस धावले आणि ती मोहीमही फसली. दर्या आणि घाट एकदिलाने उभे राहिले, त्याचे हे फळ होते.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. पुढे पुत्रांत भाऊबंदकी माजली आणि दौलत दुभंगली. १७५६ मध्ये तर पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजींवर स्वारी केली. विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांना संयुक्तपणे परतविले, त्यांनाच आपण घरात घेतले!

आज मुंबईतील नौदलाचा तळ आंग्र्यांचे नाव मिरवितो, हे उचितच आहे. परंतु शत्रूला कधीच न उमगलेली ती उथळ वाट आपल्याच कलहाने त्याला मोकळी करून दिली, याचे स्मरणही त्या नावाबरोबर राहिले पाहिजे.