१९ एप्रिल : निकालाच्या दिवसांत ताराबाई मोडक



एप्रिल महिना म्हणजे आपल्याला मान वर करायला वेळ नसतो. सकाळची शाळा, संकलित चाचणी, पेपर तपासणी, श्रेण्या, वर्णनात्मक नोंदी, आणि १ मे रोजी झेंडावंदनानंतर हातात द्यायची प्रगतीपुस्तके. त्यातच अंगणवाडीतून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा. आमच्या नामपूर भागात याच दिवसांत उन्हाळ कांदा काढणीला आलेला असतो. आई-बाप पहाटेच वावरात जातात, आणि वर्गातल्या मोठ्या मुली कडेवर लहान भाऊ घेऊन दारात उभ्या राहतात. काही तर येतच नाहीत. हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात आणि नोंदवहीत आपण एक ठरलेला शब्द लिहून मोकळे होतो : अनियमित.

याच धावपळीत एक तारीख येते, १९ एप्रिल. ताराबाई मोडक यांचा जन्मदिवस. जयंत्यांच्या यादीत तो फारसा कुठे दिसत नाही, दिसला तरी तेव्हा परीक्षा चालू असते, त्यामुळे भाषणं-बिषणं काही होत नाहीत. पण डीएडला असताना बालमानसशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं हे नाव या दिवसांत आठवावं असं मला फार वाटतं. का ते पुढे लक्षात येईलच.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरात सुधारणेचे वारे होते आणि मुलींना शिकवायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. आई-वडिलांचे छत्र मात्र लवकर हरपले. तरीही १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बघा, त्या काळात मुलींनी चौथी पास होणं हीच मोठी गोष्ट होती. पुढे अमरावतीच्या कृष्णराव मोडक या वकिलांशी लग्न झाले, मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजमध्ये प्राचार्य म्हणून गेल्या. या काळाबद्दल लोक फार चवीने बोलतात. मला त्यात शिरायचं नाही. पदरी लहान मूल असलेली एक बाई शंभर वर्षांपूर्वी परप्रांतात स्वतःच्या पगारावर उभी राहिली, एवढं आपल्याला पुरे.

राजकोटची नोकरी चांगली होती. मान होता, पगार होता, बंगला होता. पण जवळच भावनगरला दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते मादाम मॉन्टेसोरींच्या पद्धतीकडे वळले आणि वकिली सोडून मुलांत रमले. गुजरातेत लोक त्यांना मिशाळी आई म्हणत. मोठ्या मिशा आणि आईचं मन! ताराबाई १९२३ मध्ये राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून या बालमंदिरात दाखल झाल्या. मोठ्यांना शिकवणाऱ्या कॉलेजातून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत. आज एखाद्या प्राचार्याने अंगणवाडीत काम मागितले तर आपण काय म्हणू, विचार करून बघा.

भावनगरला त्यांनी जे पाहिले आणि केले, ते आपल्या मार्च-एप्रिलच्या कामाशी थेट जोडलेले आहे. त्या बालमंदिरात छडी नव्हती, बक्षिसे नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता. शिक्षा नको हे आपल्याला पटते, कायद्यानेही ती बंद आहे. पण बक्षीस नको हे ऐकलं की आपण जरा अडखळतो. ताराबाईंचे म्हणणे असे, की बक्षीस आणि शिक्षा या एकाच नाण्याच्या दोन बाजू. दोन्हींमुळे मूल कामाकडे न बघता मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघायला लागते. चित्र छान जमलं का, हे त्याचं त्याला कळेनासं होतं. बाई काय म्हणतात याची ते वाट बघत बसतं. मग शिक्षकाने करायचे काय? तर निरीक्षण. मूल कोणते साधन उचलते, किती वेळ रमते, कुठे अडते, कोणाशी भांडते, कोणाला मदत करते हे शांतपणे बघायचे आणि लिहून ठेवायचे. आज आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ज्याला वर्णनात्मक नोंदी म्हणतो, त्यामागचा विचार हाच. फरक इतकाच, की त्यांच्या नोंदी त्या त्या दिवशीच्या असत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत साठ मुलांच्या नोंदी पूर्ण करण्याची कला त्या काळी अजून जन्माला आली नव्हती.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका हे गुजराती मासिक होतेच. १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही चालवले. पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी त्या सतत लिहीत राहिल्या. मुलांचा हट्ट, शिस्त, खोटं बोलणं, खाण्यापिण्याच्या तक्रारी, असे घरातलेच विषय. पुढे त्या मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि त्याच्या जोडीला बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर. मराठीत बालवाडीच्या बाई ही जी एक ओळख तयार झाली, गाणी म्हणणारी, गोष्ट सांगणारी, मुलांबरोबर जमिनीवर बसणारी, तिची बरीचशी जडणघडण इथली आहे.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. शिशुविहार चालू होते, मुंबईच्या शिकलेल्या घरांतली मुले येत होती. पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग. ती लाकडी ठोकळ्यांची, रंगीत पट्ट्यांची पेटी परवडणार कोणाला? म्हणजे बालशिक्षण ही पैसेवाल्यांच्या मुलांची चैन होऊन बसली होती. गांधीजींच्या नयी तालीमच्या विचाराचाही त्यांच्यावर परिणाम होता. शेवटी डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात. सोबतीला आल्या पस्तिशीच्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या, आणि त्याच्याही आधी आपल्याच नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे त्यांनी खेड्यातल्या शाळेत शिकवले होते.

बोर्डीत काय झालं, ते नीट वाचा, कारण माझ्या मते ताराबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा भाग हाच. बालवाडी उघडली, जागा झाडून पुसून ठेवली, साधने मांडली. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. हरिजन वस्तीतली आणि वारल्यांच्या पाड्यावरची आली नाहीत. आता इथे आपण काय करतो? पालकभेटीला जातो, समजावतो, दोन दिवस मुलं येतात, पुन्हा बंद. मग नोंद करतो की पालक उदासीन आहेत. ताराबाई आणि अनुताईंनी उलटे केले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. त्या वस्तीतच जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, मुलं जमवायची. आधी आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. पेटीतली महाग साधने नव्हतीच. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या, मातीची भांडी. मोजायला चिंचोके आणि रंग ओळखायला फुलं. आया कामं करता करता बघत, म्हणजे आपोआप आयांचंही शिक्षण. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी. आज गावोगाव पाटीवर जो शब्द दिसतो, तो या खटपटीतून आला.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता मुलं होती वारली पाड्यांवरची, आणि प्रश्न आणखी अवघड. पाच-सहा वर्षांच्या वरची मुलं गुरं राखायला जात. गुरं सोडून शाळेत बसा म्हणणं म्हणजे घरच्यांच्या पोटावर पाय देणं. तर शाळाच कुरणावर गेली. कुरणशाळा! गुरं चरताहेत, मुलं लक्षही ठेवताहेत, आणि शिक्षक तिथेच त्यांना लिहा-वाचायला शिकवताहेत. जी दिवसा येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी रात्रीची शाळा.

आणि आता त्या कडेवरच्या बाळाकडे येऊ. पाड्यावरच्या मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम त्यांच्याकडे. ताराबाईंनी त्या मुलीच्या नावापुढे शेरा लिहिला नाही. त्यांनी शाळेत पाळणाघर काढलं. बाळ पाळणाघरात, मधलं भावंड बालवाडीत, मोठी मुलगी प्राथमिकच्या वर्गात, आणि तिन्ही एकाच आवारात. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटलं. ही काही दयाबुद्धीची सोय नव्हती, तो शिक्षणाचा पूर्ण विचार होता. बालवाडी आणि पहिली यांच्यामध्ये भिंत नको, मूल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सहज सरकलं पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर धरला आहे. प्रशिक्षणात आपल्याला तो नवीन म्हणून शिकवतात. कोसबाडला तो साठ-पासष्ट वर्षांपूर्वी चालू होता, तेही डोंगरावर, वीज-रस्त्यांची वानवा असताना.

भाषेचा मुद्दाही सांगायला हवा. वारली मुलं घरी जी बोली बोलत, ती पुस्तकात नव्हती. ती बोली चुकीची आहे असं सांगून सुरुवात केली असती तर मुलं गप्प झाली असती. आपल्याकडे बागलाणात मुलं अहिराणी बोलत येतात, काही कोकणी, काही भिली. मेळाव्यात पहिलीच्या दाखलपात्र मुलाला फळाचं नाव विचारलं आणि त्याने घरचा शब्द सांगितला, तर तक्त्यावर खूण कुठे करायची हे आपल्यापैकी प्रत्येकाने ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे, त्याला उत्तर आलं.

बाकीचे मानसन्मान पटकन सांगते. १९४६ ते १९५१ त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिला. पण सत्तरीतल्या ताराबाई दिल्ली-मुंबईत नाही, कोसबाडलाच राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, थोडं तुमच्याशीही. १ मे रोजी प्रगतीपुस्तक हातात आलं की पहिला प्रश्न असतो, कितवा नंबर? नंबर नसतो हो, श्रेणी असते, असं सांगितलं की चेहरा पडतो. मग शेजारच्या इंग्रजी शाळेत केजीच्या मुलालाही टक्के देतात, हे ऐकवलं जातं. ताराबाईंनी चाळीस-पन्नास वर्षं पालकांसाठी लिहिलं ते याच हट्टाविषयी, मुलांच्या नव्हे, मोठ्यांच्या. प्रगतीपुस्तकाचं मधलं पान उघडा. तिथे बाईंनी किंवा सरांनी चार ओळी लिहिलेल्या असतात. त्या वाचा आणि तुमच्या मुलाला त्यात तुम्ही ओळखता का ते बघा. ओळखत नसाल तर आम्हाला विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि आमचीही पुढच्या वर्षीची लिखाणाची सवय त्याने सुधारेल.

शिक्षक मित्रांनो, अनियमित या शब्दाबद्दल मात्र मला आपल्याशी भांडायचं आहे. जी मुलगी मार्च-एप्रिलमध्ये कांद्याच्या दिवसांत बाळ सांभाळते, ती जूनमध्ये दुसऱ्या वर्गात जाते. तिच्या नव्या बाईंच्या हाती फक्त तो एक शब्द पडतो. त्याऐवजी ती बाळाला घेऊन आली तेव्हा किती वेळ बसली, वाचन कुठपर्यंत आलं, कोणता धडा राहिला, हे दोन ओळींत लिहिलं तर नव्या बाईंना सुरुवात कुठून करायची ते कळेल. आणि शाळेच्या आवारातच अंगणवाडी असेल, तर या महिनाभरासाठी सेविकाताईंशी बोलून त्या बाळाला सकाळचे दोन-तीन तास तिथे बसवता येतं का, हे व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा मांडून बघा. तीन वर्षांखालचं बाळ असेल तर अडचणी निघतील, जबाबदारी कोणाची हा प्रश्न येईल. यावा. विकासवाडीतही तो आला असणारच.

ताराबाईंनंतर कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळलं. आणि ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.