दाराच्या बेलचं बटण आणि बॉब मोग

फोनमधलं कुठलंही सिंथेसायझर अ‍ॅप उघडा, अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज असे चार स्लायडर दिसतील. सूर किती वेळात चढणार, उतरून कुठे थांबणार, बोट उचलल्यावर किती वेळ विरत जाणार, हे ते ठरवतात. या आकाराला एन्व्हलप म्हणतात. मी असं अ‍ॅप लिहिताना सस्टेनलाही मिलिसेकंद दिले आणि सूर मध्येच मरायला लागला. सस्टेन म्हणजे वेळ नाही, पातळी! बाकी तिन्ही वेळा.

मग या भानगडीचं मूळ शोधताना रॉबर्ट मोग सापडले. (स्पेलिंग बघून आपण ‘मूग’ म्हणतो, पण ते स्वतः मोगच म्हणायचे.) जन्म 1934, न्यूयॉर्क. वडील इंजिनिअर. हात न लावता वाजणारं थेरेमिन बापलेकांनी घरीच बनवलं आणि ते विकायला कंपनीही काढली.

1964 च्या उन्हाळ्यात संगीतकार हर्बर्ट डॉइच त्यांच्याकडे काम करायला आले. ऑसिलेटर चालू केला की भुंग्यासारखा गुणगुणतच राहायचा. डॉइचना सुराला सुरुवात आणि शेवट हवा होता. मोगनी त्यांना हार्डवेअरच्या दुकानातून दाराच्या बेलचं बटण आणायला पाठवलं! बटण दाबलं की कपॅसिटर भरायचा, सोडलं की हळूहळू रिकामा व्हायचा, आणि त्या व्होल्टेजबरोबर आवाज चढायचा-उतरायचा. झालं, एन्व्हलप तयार. त्याचे चार भाग करून मागितले ते 1965 मध्ये, संगीतकार व्लादिमीर उसाचेव्स्की यांनी. म्हणजे आपले चार स्लायडर ही खरं तर युजरची फीचर रिक्वेस्ट.

1968 मध्ये वेंडी कार्लोस यांच्या बाखच्या अल्बमने मोग हे नाव घराघरात पोचवलं. 1970 मध्ये मिनीमोग आला. पण धंद्याचं गणित मोगना कधी जमलं नाही. 1971 मध्ये कंपनी विकावी लागली, 1977 मध्ये तीही सोडली. नवी कंपनी काढली, पण तिला स्वतःचंच नाव देता येईना. ते नाव 2002 मध्ये परत मिळालं. तीनच वर्षांनी, 2005 मध्ये, ब्रेन ट्यूमरने ते गेले.

आता अ‍ॅपमध्ये रिलीज शून्यावर आणून बोट उचला. ‘टक्’ ऐकू आलं? लाट मध्येच तुटल्याचा तो आवाज.