आझादांचा नेम

चंद्रशेखर आझाद म्हटले की मिशीला पीळ देणारा त्यांचा फोटो डोळ्यांसमोर येतो. त्यांचा नेम मात्र कसा तयार झाला, हे पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही. ते सांगावे असे आम्हांस वाटते.

आझादांचा जन्म २३ जुलै १९०६ रोजी भाबरा या गावी झाला. हे गाव आज अलीराजपूर जिल्ह्यात आहे. लहानपणी भिल्ल मुलांबरोबर तीरकमान चालवून त्यांनी नेमबाजीचा पहिला धडा घेतला. पुढे ते काशीस संस्कृत शिकण्यास गेले आणि १९२१ साली असहकार आंदोलनात फटके खाऊन आले.

९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना नेणारी रेल्वेगाडी अडवली. आझाद तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. प्रवाशांना इजा करायची नाही असे ठरले होते. पण मन्मथनाथ गुप्त यांच्या हातातील माउझर पिस्तुलाचा घोडा दाबला गेला आणि अहमद अली नावाचा निरपराध प्रवासी मरण पावला. लुटीच्या खटल्यात खुनाचा आरोप आला. डिसेंबर १९२७ मध्ये चौघांना फाशी झाली. घोड्यावर उगाच गेलेले एक बोट! आज आपल्या एनसीसीच्या मुलांच्या हाती .२२ ची रायफल देण्यापूर्वी, नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर ठेवा आणि नळी कोणाकडेही वळवू नका, असे बजावतात. मुलांना ते कंटाळवाणे वाटते. त्यांनी अहमद अलीची आठवण ठेवावी.

काकोरीनंतर आझाद पोलिसांच्या हाती लागले नाहीत. ते झाशीस आले. ओरछ्याजवळ सातार नदीकाठी, हनुमान मंदिराशेजारी झोपडी बांधून हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने ते राहू लागले. गावच्या मुलांना शिकवीत. झाशीच्या एका गॅरेजमध्ये मोटार चालवणेही शिकले. ओरछ्याच्या जंगलात त्यांनी स्वतः सराव केला आणि सोबत्यांना पिस्तूल चालवण्यास शिकवले. त्यांत भगवानदास माहौर होते, तसेच झाशीच्या मराठी घरांतले सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन हेही होते. काडतुसे लपूनछपून मिळवावी लागत, तेव्हा उधळपट्टी परवडणारी नव्हती. या शिष्यांपैकी माहौरांनी १९३० साली जळगावच्या कोर्टात माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. साक्षीदार जखमी झाले, मेले नाहीत. सराव जंगलात झाला तरी भरल्या कोर्टात हात स्थिर ठेवणे ही निराळीच गोष्ट आहे.

आझादांचा हात मात्र शेवटपर्यंत स्थिर राहिला. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात पोलिसांनी त्यांना घेरले. मांडीत गोळी लागली होती. तरी त्यांनी सोबती सुखदेवराज यांना निसटू दिले, नॉट-बावर या अधिकाऱ्याच्या हाताला आणि विश्वेश्वर सिंह यांच्या जबड्याला गोळी मारली. शेवटची गोळी त्यांनी स्वतःसाठी ठेवली, असे मानले जाते.

ते कोल्ट पिस्तूल १९७६ मध्ये भारतात परत आले आणि आता प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. त्याच्या मुठीमागे एक पट्टी असते. मूठ नीट आवळून ती आत दाबल्याशिवाय घोडा कितीही ओढला तरी गोळी सुटत नाही. सहलीला गेल्यास मुलांनी ती पट्टी जरूर शोधावी.