विश्लेषण : दारूखाना कुठे असावा? रामचंद्रपंत अमात्यांनी ३०० वर्षांपूर्वी काय सांगितले?

बेलापूरचा किल्ला पनवेल खाडीच्या काठावर आहे. नवी मुंबईकरांना इथली हवा ठाऊक आहे. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, पापड नरम पडतात. मग अशा हवेत किल्ल्यांवर बंदुकीची दारू चार महिने कशी टिकवत असतील? दारू सर्दावली तर तोफ असून नसल्यासारखी. या प्रश्नाचे नेमके उत्तर लिहून ठेवणारा माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य.

कोण होते रामचंद्रपंत?

रामचंद्र नीळकंठ यांचा जन्म १६५० च्या सुमाराचा मानला जातो. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या कारभारातील जबाबदार अधिकारी होते. त्यामुळे जमाखर्च, कोठारे आणि किल्ल्यांची व्यवस्था हे सारे त्यांनी लहानपणापासून घरातच पाहिले. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत अमात्यपद त्यांच्याकडे होते. अमात्य म्हणजे राज्याचा हिशेब पाहणारा मंत्री. या माणसाने पुढे दारूगोळ्याकडेही हिशेबनिसाच्या नजरेनेच पाहिले.

खरी परीक्षा कधी झाली?

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंतांवर सोपवण्यात आला आणि त्यांना हुकूमतपनाह हा किताब मिळाला. राजा दूर, खजिना रिकामा आणि औरंगजेबाची फौज दारात, अशी ती स्थिती होती. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात लढत होते. त्यांच्यामागे माणसे, पैसा आणि किल्ले उभे ठेवण्याचे काम पंतांनी शंकराजी नारायण यांच्या साथीने केले.

दारू कशी उलटते, हेही याच युद्धात दिसले. १७०० मध्ये मोगलांनी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला सुरुंग लावले. त्यातील एका सुरुंगाचा स्फोट बाहेरच्या बाजूला झाला आणि तटाखाली हल्ल्यासाठी थांबलेले मोगलांचेच शेकडो सैनिक मारले गेले.

आज्ञापत्रात दारूबद्दल काय आहे?

उतारवयात, १७१५ च्या सुमारास, पंतांनी कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांसाठी राज्यकारभाराची नीती लिहिली. तीच ‘आज्ञापत्र’ म्हणून ओळखली जाते. त्यातील दुर्गप्रकरणात दारूखान्याचे नियम आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. त्याला तळघर असावे आणि ते चुनेगच्ची असावे. दारूची मडकी थेट जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावीत. बाण आणि होके, म्हणजे अग्निबाण आणि हातगोळे, वेगळ्या दालनात असावेत. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सगळा माल बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. पहारा रात्रंदिवस असावा आणि परवानगीशिवाय कोणालाही जवळ फिरकू देऊ नये.

यामागचे विज्ञान काय?

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, तर त्यातील इतर क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. ओली दारू हळू जळते किंवा पेटतच नाही. म्हणून माच आणि ऊन.

दाण्याचा आकारही महत्त्वाचा. बारीक दाणा झटकन जळतो, जाड दाणा सावकाश. बंदुकीला बारीक दारू चालते, पण तीच मोठ्या तोफेत भरली तर गोळा पुढे सरकण्याआधीच आतला दाब वाढतो आणि तोफ फुटू शकते. म्हणजे सर्वांत जोरदार दारू ती चांगली असे नाही, नळीला आणि गोळीच्या वजनाला मानवेल ती चांगली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. रायफलच्या आजच्या काडतुसांत हीच जात वापरतात, पण नियम बदललेला नाही. दिसायला सारख्या दोन दारू जळण्याच्या वेगात फार वेगळ्या असू शकतात. अंदाजाने केलेली निवड रायफल धरणाऱ्याच्याच तोंडाजवळ फुटू शकते.

आज याचा संबंध काय?

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. भारतात परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. स्फोटके कशासोबत आणि कुठे ठेवावीत, याचा धडा मुंबईनेही घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली. त्यात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. स्फोटात शेकडो माणसे दगावली आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

शेवट कुठे झाला?

१७१६ च्या सुमारास पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे. चार छत्रपतींच्या कारकिर्दी पाहिलेल्या या मंत्र्याला पाचव्यासाठी लिहिताना मोठ्या तत्त्वांबरोबरच मडक्याखालचा माचही महत्त्वाचा वाटला. गड तटाने राखला जातो हे सगळेच सांगतात. पंतांनी त्यात दर पंधरवड्याला दारू उन्हात घालणाऱ्या हवालदाराचे कामही नोंदवून ठेवले.